कुंकू लागलेली बिलटी

आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारा पहिला माणूस मी. हे फुशारकीनं सांगत नाही. या वयात फुशारकी मारून कुणाला दाखवायचीय? पण तेव्हा होती, आणि किती होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे कपाशीतली सरकी काढणाऱ्या गिरणीत, बॉयलरवर होते. त्याच जिनाच्या ऑफिसात, धुराड्यापासून शंभर पावलांवर, मी कारकून लागलो. मॅट्रिक पास, आणि इंग्रजी पत्र लिहिता येणारा त्या ऑफिसातला एकुलता एक. आबा कोळशानं माखलेले, मी परटाकडच्या सदऱ्यात. दुपारी दोघं एकाच डब्यातली कळण्याची भाकर खायचो. मग ते आगीकडे जायचे आणि मी हात नीट पुसून कागदांकडे.

दुसरी मोठी लढाई लागण्याच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. माझ्याकडे विलायतेहून येणाऱ्या मालाचे कागद होते. जिनातलं यंत्र न् यंत्र तिकडचं. सुरी मोडली, पट्टा तुटला, की पत्र तिकडे जाई. माल निघाला की त्याचे कागद निघत: एक बीजक, एक पेट्यांची यादी, आणि जहाज कंपनीनं माल चढवून घेतल्याची बिलटी. कागद टपालाच्या बोटीनं येत आणि माल मालाच्या बोटीनं, त्यामुळे कागद आधी पोचत. ते मी तपासायचे आणि मुंबईच्या गोदीतल्या आमच्या एजंटाकडे रजिस्टरनं पाठवायचे. एजंट ते आधी जहाज कंपनीच्या कचेरीत आणि मग कस्टमच्या साहेबापुढे ठेवी, दोन्हीकडे शिक्का पडे, आणि मग पेटी चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला येई.

ऐकायला सोपं वाटतं. छे! तिन्ही कागदांनी एकच बोललं पाहिजे. पेटीवर रंगवलेली खूण, पेटीचा नंबर, वजन, आतल्या वस्तूचं नाव, सगळं तिन्हीकडे तेच. एकदा पट्ट्याच्या पेटीचं वजन बीजकात आणि बिलटीत दोन पौंडांनी वेगळं निघालं, तर ती पेटी महिनाभर गोदीत अडकून पडली. तेव्हापासून मी एक लांब वही घातली होती. पानाला सात रकाने. जहाजाचं नाव, निघाल्याचा दिवस, पोचण्याचा अंदाज, खूण, नंबर, वजन, कागद पाठवल्याची तारीख. प्रत्येक आकडा तीनदा ताडून बघितल्याशिवाय मी त्या वहीत टाक टेकवत नसे. माझ्या वहीत चूक सापडणार नाही, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो. हो, बोलायचो!

त्या वर्षी ज्या पेटीची वाट बघत होतो तिच्यात बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. आबा त्याला नुसतं 'वाल' म्हणायचे. बॉयलरात वाफ वाजवीपेक्षा जास्त झाली की व्हॉल्व्ह आपसूक उघडतो आणि जादा वाफ सोडून देतो. आमचा जुना व्हॉल्व्ह झिजला होता. कधी उघडायचा, कधी जागच्या जागी चिकटून बसायचा. चिकटला की आबा वाफेच्या काट्यावर नजर ठेवून पुढे जायचे आणि लांब सळईनं त्याच्या दांड्याला ठोसा देऊन तो उघडायचे. एखाद्या वेळी लक्ष चुकलं तर? बॉयलर फुटला तर जवळच्या माणसाची ओळख पटत नाही, हे जिनात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या आईलाही ठाऊक होतं.

बॉयलर तपासायला येणाऱ्या साहेबानं मागच्या हंगामाच्या शेवटी शेरा मारला होता, की व्हॉल्व्ह बदलावा. कधीपर्यंत, ते लिहिलं नव्हतं. जिनाच्या मालकांनी, शेठजींनी, तेवढंच बरोबर हेरलं. "कार्तिकी पौर्णिमेला बॉयलर पेटणार," ते म्हणाले. "कपाशी दारात येऊन पडेल, ती काय व्हॉल्व्हची वाट बघत बसेल? नवा आला तर नवा, नाहीतर जुना आहेच." आबांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून ते रोज डब्याच्या वेळी वाल आला का म्हणून माझ्या खिडकीशी येऊन विचारू लागले, "भाऊ, वाल ऊना का?"

"आबा, जहाज अजून पानीमा शे," मी म्हणायचो.

"बरं बरं," म्हणून ते जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला कधीकधी राग यायचा. जहाज काय मी ढकलत होतो?

कागद आले ते धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. बिलटीच्या तीन अस्सल प्रती होत्या. जहाज कंपन्यांची रीतच तशी. एक हरवली तर दुसरी असावी, आणि एकीवर माल सुटला की बाकीच्या दोन रद्द. मी सगळं तीनदा ताडलं. पेटी नंबर सात, वजन एक हंड्रेडवेट अठरा पौंड. वहीत उतरवून पाकीट तयार करायला घेतलं, तोच आमचे मुनीमजी गादीवरून उठून आले.

मुनीमजी मारवाडातून तरुणपणी आले होते आणि या पेढीवरच म्हातारे झाले होते. पेढीच्या लक्ष्मीपूजनाचा मान पस्तीस वर्षं त्यांचा. पूजेत वह्या ठेवत, दौत-टाक ठेवत, आणि दिवाळीच्या तोंडावर आलेला कुठलाही महत्त्वाचा कागद ठेवत. मग सगळं लाल कापडात बांधून ठेवायचं, ते थेट लाभपंचमीला सोडायचं.

"बाबू," ते म्हणाले, "एवढा समंदर पार करून कागद आला, आणि लछमीजीच्या पायाशी न ठेवता बाहेर काढतोस?"

मी वही बघितली. माझ्याच अंदाजाप्रमाणे जहाज पंचमीच्या सुमारास गोदीला लागणार होतं. त्याआधी कागद मुंबईत पोचून काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, "ठेवा." हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बरीच वर्षं मी मनातल्या मनात सगळं खापर त्या लाल कापडावर फोडत आलो. जहाज लागलं ते पंचमीलाच, आणि पेटी उतरून हाती लागायला त्यापुढे दोन-तीन दिवस जातातच. लाल कापडानं माझा एक दिवसही खाल्ला नाही.

पंचमीला सकाळी कापड सोडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बिलटीवर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. तेही नेमकं पेटीच्या नंबरावर आणि वजनावर, कारण कागदाच्या उजव्या अंगाला वर तेवढीच जागा शुभ वाटली असणार. आणि एका प्रतीवर नाही, तिन्ही प्रतींवर!

"मुनीमजी, अहो हे काय करून ठेवलंत!"

"काय केलं?"

"तिन्हींवर? निदान एक तरी कोरी सोडायची!"

"तीन भावांतल्या एकाला टिळा लावायचा आणि दोघांना तसंच बसवायचं? तुझ्या घरी करतात असं?" ते खरोखरच चकित झाले होते. मग चष्मा वर करून त्यांनी कागद उजेडात धरला. "आकडा दिसतो आहे की कुंकवाखालून. सात आहे. जाऊ दे तसाच. कुंकू आहे बाबू, चिखल नाही."

त्यांचं ऐकलं असतं तर आज हे लिहायला बसलोच नसतो. पण मला कसली लाज वाटली म्हणून सांगू! मुंबईत जहाज कंपनीच्या कचेरीत, काचेच्या दाराआड, टाय लावलेला कुणी माणूस हा कागद हातात धरणार आणि हसणार. बघा, खानदेशातली माणसं, बिलटीची पूजा करतात. आणि खाली पत्रावर सही कुणाची? माझी. मॅट्रिक पास कारकुनाची. मुनीमजींची पूजा मला दिसत नव्हती, आबांची सळई दिसत नव्हती. मला फक्त तो न बघितलेला माणूस हसताना दिसत होता.

दुपारी सगळे प्रसादाला गेले, तेव्हा मी पहिली प्रत घेतली आणि कापूस ओला करून कुंकू टिपायला बसलो. कुंकू निघालं, थोडी गुलाबी झाक राहिली. पण नंबर आणि वजन हातानं, जांभळ्या शाईनं लिहिलेलं होतं, आणि ती शाई पाणी लागताच पसरते हे रोज तीच शाई वापरणाऱ्या मला त्या क्षणी आठवलं नाही. सात विरघळला. अठराचा आठ विरघळला. तिथंच थांबायला हवं होतं; दोन प्रती कुंकवासकट का होईना, धडधाकट होत्या. मी थांबलो नाही. कागद वाळवला, टाक घेतला आणि दोन्ही आकडे पुन्हा लिहिले. काय सुरेख सात काढला होता मी! त्यांच्या सातापेक्षा चांगला. षष्ठीला सकाळी पाकीट रजिस्टरनं रवाना झालं आणि दुपारी खिडकीत आबा आले तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "कागद गया आबा. आते चार-आठ रोजमा वाल येस."

"शाबास रे भाऊ," ते म्हणाले.

दशमीला एजंटाचं पत्र आलं. जहाज पंचमीला लागलं आहे, पेटी उतरली आहे, पण बिलटीवरचा नंबर आणि वजन खोडून नव्यानं लिहिल्याचा संशय असल्यामुळे जहाज कंपनीनं कागद नाकारला आहे. दुसरी अस्सल प्रत असल्यास तातडीनं पाठवावी. सोबत, पहिल्या प्रतीवर आकडे कुणी आणि कशासाठी बदलले, याचा त्या माणसाच्या सहीचा लेखी खुलासा हवा. खुलाशाशिवाय दुसरी प्रतही बघणार नाहीत.

पत्र वाचून दाखवायला शेठजींपुढे मीच उभा. शेठजींनी मान वर केली. "कुणी केलं हे?"

मी बोललो नाही. एक शब्द, नुसता 'मी' एवढा शब्द तोंडातून निघेना. आणि गादीवरून मुनीमजी म्हणाले, "माझ्याकडून झालं. कुंकू लागलं होतं, पुसायला गेलो."

शेठजी एरवी त्यांना कधी उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. तुमचं वय झालं म्हणाले, तुम्हाला आता काही सुचत नाही म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "पुढच्या दिवाळीला पूजा दुसरं कुणी करेल." मुनीमजींनी नुसतं "जी" म्हटलं. मला शेठजींनी हुकूम केला की खुलासा इंग्रजीत लिही, मुनीमजींची सही घे आणि आजच्या डाकेनं पाठव.

शेठजी आत गेल्यावर मी मुनीमजींच्या शेजारी जाऊन बसलो. "तुम्ही असं का सांगितलंत?"

"लिही तू," ते म्हणाले. "मी सही करतो. इंग्रजीत काय लिहिलंस ते मला थोडंच वाचता येणार आहे?"

"पण का?"

त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. "तुला आज काढून टाकलं असतं, तर पत्र कोण लिहिणार होतं? पौर्णिमेला पाच दिवस आहेत. तुझा बाप आगीपुढे उभा राहतो रे बाबू. पहिले वाल आण. मान-अपमान मग बघू."

मला इतकी शरम कधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी वाटली नाही. मी कागद ओढला. मुनीमजींचं नाव घालून चार ओळी लिहिणं सोपं होतं. त्यांना कळलं नसतं, शेठजींनाही इंग्रजी येत नव्हतं. तेवढ्यात डब्याची वेळ झाली आणि खिडकीत आबा आले. "वाल ऊना का, भाऊ?" चार-आठ दिवसांत येतो, असं मीच सांगितलं होतं. मी म्हणालो, "नही आबा, अजून नही." त्यांनी मुनीमजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा न खाताच परत गेले.

मग मी खरं लिहिलं. आमच्या पेढीच्या रीतीप्रमाणे कागद पूजेत ठेवला होता. त्यावर कुंकवाचं शुभचिन्ह आहे. ते बाकीच्या दोन्ही प्रतींवरही आहे, बघून घ्यावं. पहिल्या प्रतीवरचं कुंकू मी पाण्यानं पुसलं, शाई पसरली, आकडे मी स्वतः पुन्हा लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं. खाली माझी सही केली. कागद घेऊन शेठजींकडे गेलो आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. वाटलं होतं, कानाखाली बसेल. शेठजींनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "आधी पोस्टात टाकून ये. तुझ्याकडे मग बघतो."

कुंकू लागलेली दुसरी प्रत आणि खुलासा त्याच डाकेनं गेला.

पौर्णिमेला नारळ फुटला आणि जुन्या व्हॉल्व्हवरच बॉयलर पेटला. मी ऑफिसात बसून होतो, पण कान तिकडे. वाफ सुटल्याचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा आणि बराच वेळ आवाज आला नाही की मी जागचा उठायचो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. दुसऱ्या दिवशी एजंटाचं पत्र आलं की पेटी सुटली, गाडीत चढवली आहे. त्यानं पुढे लिहिलं होतं की जहाज कंपनीच्या काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाबूनं कुंकू बघितलं, बोटानं चाचपलं, आणि आमच्या घरीही दिवाळीला असंच करतात म्हणून हसून शिक्का मारला. हाच कागद पहिल्यांदा आला असता तर त्याच दिवशी काम झालं असतं, अशी शेवटची ओळ होती. मी बोटांवर दिवस मोजले. षष्ठीला ही प्रत गेली असती तर पेटी चतुर्दशीला धुळ्यात असती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. पुन्हा पुन्हा मोजलं, तेच निघालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हॉल्व्ह चिकटला. मी ऐकला तो आधी सळईचा आवाज, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग एकदम वाफेचा असा फूत्कार की अंगणातले बैल उधळले. धावत गेलो. सगळीकडे पांढरं. आबा भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजून निघाला होता, कातडी सुटली होती. मला बघून म्हणाले, "काही नही व्हयनं. उघडना ना शेवटी." बॉयलर शाबूत होता. आतली सात माणसं शाबूत होती. मी तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पेटी आली. फळीवर काळ्या रंगात आमची खूण, आणि खाली सात. मिस्त्रीनं फळ्या उचकटल्या, गवतातून व्हॉल्व्ह काढला, पितळ नवंकोरं. आबा दवाखान्यातून हात गुंडाळून थेट तिथंच आले होते, किती सांगितलं तरी घरी गेले नाहीत. शेठजी आले. पुढल्या वर्षीची पूजा पुन्हा मुनीमजींचीच, हे त्यांनी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं. मला मात्र त्या हंगामापुरतं ऑफिसातून काढून अंगणात कपाशी तोलायच्या काट्यावर उभं केलं होतं. ते योग्यच होतं. मुनीमजी कुंकवाची वाटी घेऊन पुढे झाले.

"थांबा मुनीमजी," आबा म्हणाले. "भाऊले लावू द्या."

मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं नव्हतं, दवाखान्यात रात्रभर शेजारी बसलो तेव्हाही सांगितलं नव्हतं. मुनीमजींकडे बघितलं, तर त्यांनीही 'मी नाही सांगितलं' अशी मान हलवली. मी वाटीत बोट बुडवलं. आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि व्हॉल्व्हपाशी नेलं.

"लाव," ते म्हणाले. "पन आते पुसू नको."